मंगल, हा सिनेमा तू पाहायलाच हवास

प्रिय मंगल,

परवा फोनवर तुला एका कोरियन सिनेमाबद्दल सांगायला लागले आणि नेमके तुझ्याकडे पाहुणे आले. बरंच झालं. ते घाईघाईत सांगण्यासारखं नव्हतंच, म्हणून हे पत्र. लांबणार आहे, निवांत वाच.

सिनेमाचं नाव 'सीझन ऑफ गुड रेन', २००९ चा. दिग्दर्शक हुर जिन-हो. सिनेमा कोरियन, पण घडतो चीनमधल्या चेंगडू शहरात. डोंग-हा हा कोरियन तरुण बांधकामाच्या अवजड यंत्रांच्या कंपनीत नोकरीला. कामासाठी चेंगडूला येतो, थोडा वेळ मोकळा मिळतो म्हणून दू फू या जुन्या कवीची झोपडी पाहायला जातो, आणि तिथे पर्यटकांना माहिती सांगणारी मुलगी त्याच्या ओळखीची निघते. ती मे. दोघं अमेरिकेत बरोबर शिकलेले. तेव्हा मनात काहीतरी होतं, पण ते तिथेच राहून गेलं. तो त्या काळी कविता करायचा. आता यंत्रं विकतो.

मग काय, दोघं हिंडतात. बांबूंच्या सावल्या पडलेल्या लाल भिंतींमधून चालतात, पांडा बघतात, जेवतात, आणि भांडतात. भांडण कशावरून, तर तेव्हा काय काय घडलं होतं यावरून! तो म्हणतो, मी तुला सायकल शिकवली होती. ती म्हणते, मला सायकल येतच नाही. तो म्हणतो, आपण एकमेकांच्या इतके जवळ आलो होतो. ती म्हणते, छे, काहीतरीच. ऐकताना आपण हसतो. तिच्या या नाही-नाही म्हणण्यामागे काय आहे ते पुढे कळतं, आणि मग तीच वाक्यं आठवून पोटात कालवतं.

दोघांची भाषा वेगळी, त्यामुळे बोलणं इंग्रजीत. ते काहींना कोरडं वाटेल. मला नाही वाटलं. परक्या भाषेत माणसाला फार नटवून बोलता येत नाही, जे असेल ते सरळ सांगावं लागतं, आणि उरलेलं चेहऱ्यावर दिसतं. डोंग-हा झालेला जंग वू-संग आणि मे झालेली गाओ युआनयुआन, दोघांचेही चेहरे त्या बाबतीत फार बोलके. शहरातल्या चौकात लोक संध्याकाळी नाचत असतात, हे दोघं जाता जाता त्यांच्यात मिसळतात. तो प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. किती अवघडलेले आहेत आणि किती खूश! ऑफिसातल्या शाखाप्रमुखाच्या गमतीजमतींना मात्र जरा जास्त जागा दिली आहे, तिथे थोडा धीर धर.

आता खरं सांगायचं ते. वर्ष लक्षात घे. १२ मे २००८ ला सिचुआनात, म्हणजे चेंगडू ज्या प्रांतात आहे तिथे, मोठा भूकंप झाला, दुपारी अडीचच्या सुमाराला, शाळा भरलेल्या असताना. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा ८५ हजारांच्या वर. चेंगडू शहर त्या मानाने सावरलं, पण आसपासची गावंच्या गावं कोसळली. डोंग-हा तिथे आलाय तो या पुन्हा उभारणीच्याच कामासाठी. आपण त्याला प्रेमकथेचा नायक म्हणून पाहत असतो आणि त्याच्या हाताशी मात्र ढिगारे उपसायची यंत्रं असतात. तो परतीचं जाणं एक दिवस पुढे ढकलतो, दोघं आणखी जवळ येतात, आणि ऐन वेळी मे मागे सरते. माझं लग्न झालंय, म्हणते. एवढंच. नवरा भूकंपात गेला हे ती सांगत नाही. ते त्याला नंतर कळतं.

इथे मला काकू आठवल्या. तुमच्या औशाच्या घरी मी गणपतीत आले होते ना, तेव्हा विसर्जनानंतर सगळे पाठ टेकताच झोपले आणि काकू ओट्यावर बसून होत्या. मी विचारलं, झोप येत नाही का? म्हणाल्या, तू झोप, मला काम आहे. त्यांच्या हातात काहीच काम नव्हतं. तूच मला सकाळी सांगितलंस की १९९३ ला किल्लारीचा भूकंप विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या आत झाला आणि त्यांच्या भावाचं अख्खं घर त्यात गेलं. त्या एकदाही त्याबद्दल बोलल्या नाहीत, आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत. मेची भूमिका पाहताना मला ते न विचारणं फार मोठं वाटलं. डोंग-हासुद्धा विचारत नाही. खरं समजल्यावर तो सांत्वनाचं भाषण करत नाही, 'आता मी आहे' असलं काही म्हणत नाही. मला या सिनेमात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हे. दुःखातल्या बाईला सावरणारा नायक आपण हजारदा पाहिलाय. तिला तिचा वेळ घेऊ देणारा फार क्वचित दिसतो.

सिनेमाचं नाव दू फूच्या कवितेवरून आलंय. हा आठव्या शतकातला, चीनमधल्या थांग राजवटीच्या काळातला कवी. देशात बंडाळी माजलेली, बायकामुलांना घेऊन वणवण करत ७५९ च्या अखेरीला चेंगडूला पोचला आणि पुढच्या वर्षी ओढ्याकाठी गवताने शाकारलेलं घर बांधलं. झाडांची रोपं, बांबू, इतकंच काय जेवायचे वाडगेसुद्धा ओळखीच्यांकडे मागितले, तेही कविता लिहून! चार वर्षांच्या आतबाहेर तिथे राहिला आणि २४० हून जास्त कविता लिहिल्या. आज तिथे दिसतं ते घर अर्थात पुन्हा पुन्हा उभारलेलं. ७६१ मधली त्याची आठ ओळींची पावसाची कविता आहे. साधारण अशी: चांगल्या पावसाला आपली वेळ कळते, वसंत आला की तो येतो. वाऱ्यामागून रात्रीचा गुपचूप शिरतो, आवाज न करता सगळं भिजवतो. रानवाटांवर काळे ढग, नदीवरच्या होडीत तेवढा एक दिवा. सकाळी पाहावं तर शहरभर फुलं पाण्याने जड झालेली.

तुला हे वेगळं समजावून सांगायला नको. मृगात पेरून आभाळाकडे डोळे लावणाऱ्या घरातली तू. तोच पाऊस पंधरा दिवस उशिरा आला तर काय होतं ते तुम्हीच जाणता. अमेरिकेत या दोघांचा पाऊस चुकला होता, आता चेंगडूत तो पडेल का, एवढाच सिनेमाचा प्रश्न आहे.

दू फूची आणखी एक कविता मला पाहताना सारखी आठवत होती. वादळात त्याच्या घराचं छप्पर उडतं, गावातली पोरं गवत उचलून बांबूंच्या बनात पळतात, रात्रभर घर गळतं. आणि हा भिजत बसलेला माणूस म्हणतो, लाखो खोल्यांचं एक भक्कम घर असावं, जगातल्या सगळ्या गरिबांना त्यात निवारा मिळावा, मग माझी झोपडी मोडली, मी गारठून मेलो तरी चालेल. भूकंपानंतरच्या शहरात, घरं उभारायला आलेल्या माणसाला याच कवीच्या अंगणात आणून सोडणं! म्हणून मला पटत नाही की हा सिनेमा कुठल्याही सुंदर परदेशी शहरात घडला असता तरी चाललं असतं. पॅरिसमध्ये त्याचा जीवच गेला असता.

शेवट सांगत नाही. एक पिवळी सायकल आहे, तिच्यावर लक्ष ठेव.

हुर जिन-होचे 'ख्रिसमस इन ऑगस्ट' (१९९८) आणि 'वन फाइन स्प्रिंग डे' (२००१) हेही मिळाले तर पाहा. पहिल्यात फोटो स्टुडिओ चालवणारा, मरणाच्या दारातला माणूस आहे. दुसऱ्यातला नायक वाऱ्याचे, पाण्याचे आवाज रेकॉर्ड करत हिंडतो. तिन्हींत माणसं फार थोडं बोलतात. पण आधी हाच, चेंगडूचा, पाहावास असं मला वाटतं.

काकूंना दाखवायचा की नाही ते तू ठरव. मला वाटतं, आधी तू एकटीने पाहावास. मग त्यांच्याशी कसं, काय बोलायचं ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला मात्र लगेच लिही, फोन नको, पत्रच. आणि त्या सायकलच्या भांडणात तुला कोणाचं खरं वाटलं, ते नक्की सांग.

काकूंना नमस्कार, पोरांना खूप खूप आशीर्वाद.

तुझी,
शैला