चौघांनी नाव विचारलं म्हणून चिडलास ना, वाच

गड्या,

तुझा मेसेज वाचून आधी हसलो, मग जरा लागलं. हर्नियाचं ऑपरेशन नीट पार पडलं, घरी पोचलास, आणि तुझी तक्रार काय तर "फाइल समोर असताना चौघांनी नाव विचारलं, डावीकडचं का उजवीकडचं तेही विचारलं, वाचता येत नाही का यांना?" अरे त्या चौघांतला एक मीच असतो! ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनचं ट्रेनिंग घेतोय म्हणजे डॉक्टरला कात्री देतोय असं तुलाच नाही, घरी पण सगळ्यांना वाटतं.

कात्री अजून लांब आहे. सुरुवातीचे कित्येक दिवस हात धुण्यातच गेले. नखांपासून कोपरापर्यंत घासायचं, हात कायम वर धरायचे म्हणजे पाणी कोपरावरून गळतं, बोटांकडे परत येत नाही, आणि सगळं झाल्यावर चुकून कोपर नळाला टेकलं की मागून सिस्टरांचा आवाज, "परत." सालं निघाली हाताची. तेव्हा मॅडमनी सांगितलं की ऑपरेशनमधले रबरी ग्लोव्ह्ज आले तेच मुळी असल्या हातांमुळे. १८८९च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये हॅल्स्टेड नावाचे सर्जन होते, त्यांच्या ओटीतल्या नर्सचे, कॅरोलाइन हॅम्प्टनचे, हात जंतुनाशकाने सोलवटले, म्हणून त्यांनी रबर कंपनीकडून पातळ हातमोजे करून घेतले आणि पुढच्या वर्षी तिच्याशी लग्नच केलं. पेशंटला इन्फेक्शन होऊ नये हा विचार नंतरचा. माझ्या हातांकडे बघून अजून कुणाला काही सुचलेलं नाही, ते सोड.

मग काउंट, म्हणजे गॉज (रक्त टिपायच्या जाळीदार कापडाच्या घड्या), सुया, हत्यारं यांची मोजणी. पोट उघडायच्या आधी मोजायचं, बंद करायच्या आधी मोजायचं, शेवटी परत, दोघांनी, मोठ्याने. एकदा एक गॉज कमी भरला आणि सर हात थांबवून उभे. बकेट उपसली, ड्रेप (पेशंटवर अंथरलेली कापडं) झटकले, शेवटी एक्सरेचं चाललं होतं (गॉजमध्ये एक धागा असतो, तो एक्सरेत दिसतो) आणि तेवढ्यात सापडला, माझ्याच स्लिपरच्या तळाला चिकटलेला. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, तेच जास्त झोंबलं.

पण तुझ्या चौघांचं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची एक चेकलिस्ट आहे, १९ मुद्द्यांची. भुलीआधी, चिरा द्यायच्या आधी आणि पेशंट ओटीतून बाहेर नेण्याआधी, अशी तीनदा थांबून बोलायची. पहिला मुद्दाच हा की पेशंटने स्वतः नाव, ऑपरेशन, बाजू सांगायची. मला आधी ती फॉर्म भरायची कटकटच वाटायची. मग एक आजी आल्या, गुडघ्याच्या. भूलतज्ज्ञ विचारतायत, "आजी, उजवा गुडघा ना?" आजी म्हणतात हो. "उपाशी आहात ना?" हो. "कसली अ‍ॅलर्जी?" त्यालाही हो! सगळ्याला छान मान हलवतायत. मी डोक्याशी उभा होतो, कानामागे बघितलं तर ऐकायच्या मशीनचा वळ दिसला, मशीन नव्हतं. वॉर्डात दागिन्यांबरोबर तेही काढून ठेवलेलं. चष्मा पण नाही, समोर सगळे मास्कवाले, ओठ तरी कुठे दिसणार. मी पळत जाऊन मशीन आणलं, कानात बसवलं आणि "कोणता गुडघा" एवढंच विचारलं, उजवा की डावा हे माझ्या तोंडून न काढता. आजींनी आधी उजव्यावर हात ठेवला, मग म्हणाल्या, "आणि त्या गोळीने मला पुरळ येतं, कुणी विचारलंच नाही."

तेव्हापासून "तुमचं नाव अमुक ना" असं मी विचारतच नाही. "नाव सांगा" म्हणतो आणि ऐकतो. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो रे, तू पण म्हणाला असतास.

मशीन लावल्यावर आजींनी माझी दोन बोटं पकडली ती भूल चढेपर्यंत सोडली नाहीत, आणि तिकडे सिस्टर खुणा करतायत की कॉटरीची (विजेने रक्त थांबवायच्या यंत्राची) प्लेट आजींना लाव म्हणून. एका हाताने लावायला गेलो, धड लागली नाही, नंतर दुसरी लावली.

उद्या सकाळी पहिली केस लवकर आहे, त्याआधी भुलीचं मशीन चेक करायचंय, झोपतो आता. टाके कधी काढणार ते कळव, आणि जड काही उचलू नकोस, तुझा काही भरवसा नाही.

तुझाच,
चौघांतला एक