मुंबईच्या आधी वाईला ये

वाई,
रविवार

प्रिय बाळ्या,

पत्र मिळालं. पेढीवरची नोकरी सोडून अभिनयासाठी थेट मुंबई गाठतो म्हणतोस. सध्या नको. आधी इथं ये.

मी मालिकेच्या युनिटवर डायरेक्शन टीममध्ये आहे, म्हणजे असिस्टंटांतला सगळ्यात धाकटा. आधी क्लॅप द्यायचो. ती नुसती फळी आपटणं नसतं बरं का. सीन, शॉट, टेक बिनचूक लिहायचे, कारण एडिटिंगला आवाज आणि चित्र त्या टाळीवरच जुळवतात. आवाज घ्यायचा नसेल तर फळीत बोटं धरायची, शॉटच्या शेवटी बोर्ड दाखवायचा झाला तर उलटा.

आता माझ्याकडे कंटिन्युटी आहे, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटमध्ये तसंच राहतंय ना ते बघायचं. परवा मेणवलीच्या घाटावर होतो. नायिका कृष्णेतून घागर भरून पायऱ्या चढते आणि वर आल्यावर रडते. मास्टर, म्हणजे अख्खा सीन दाखवणारा लांबचा शॉट, सकाळी झाला, चेहऱ्याचा क्लोज जेवणानंतर. तोवर ओला पदर वाळून कडक! मी फोटो काढून ठेवले होते: ओल कुठवर, बट कुठल्या बाजूला, घागर कुठल्या कमरेवर. स्प्रेनं पदर तेवढाच भिजवून घेतला. पायरीवरची सावली मात्र सरकलेलीच, मग कॅमेरामननी फ्रेमच आवळली. आणि ती बाई? वरणभात जेवून आली आणि सकाळी सोडलेल्या हुंदक्यापासून पुढं सुरू झाली.

तुला बोलावतोय ते हे बघायला. राज्य नाट्यला तू दोन तास भूमिका सलग धरतोस, इथं ती तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट क्रमानं द्यावी लागते. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते तुमच्याच सांगलीत, म्हणून तुम्हा लोकांना थोडा ताठा असतो, असू दे. पण माईक छातीलाच चिकटवलेला असतो रे, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचं काम नाही.

काम मिळवून देतो म्हणणाऱ्या त्या 'कोऑर्डिनेटर'ला एक रुपया देऊ नकोस. फोटोशूट, कार्ड, रजिस्ट्रेशन, काही का म्हणेना. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. अर्थात देणाराही लगेच देत नाही. मालिकांत पैसे हातात पडायला तीन-तीन महिने जातात, म्हणून गाठीशी काही असल्याशिवाय राजीनामा नको. काकूंना हे मी सांगितलंय असं सांग, निदान त्या शिव्या तरी मला देतील.

पुण्याच्या एफटीआयआयचं, त्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटचं, डोक्यात असेल तर जरूर परीक्षा दे, पदवी लागते ती तुझ्याकडे आहेच. पण नुसत्या निकालाची वाट बघत बसू नकोस.

शनिवारी शेवटच्या एसटीनं ये, माझ्याच खोलीवर झोपू. रविवारी सातचा कॉल आहे, गर्दीतला माणूस म्हणून उभा करायला मी विचारून ठेवलंय. कपडे साधे आण, पांढरा आणि बारीक चौकडीचा शर्ट नको, कॅमेऱ्याला चालत नाही. आणि भडंग जास्त आण, लाईटदादांनी मागच्या वेळी अख्खी पिशवी संपवली.

तुझा,
पप्या