शाळा मातृभाषेची, पुस्तके शेजारच्या भाषेची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जागतिक मातृभाषा दिनाच्या पुरवणीत निकोलाए बात्सारिया यांची ओळख 'रुमानियाचे बालसाहित्यिक' एवढ्यावरच उरकली आहे. ती अर्धीच म्हणावी लागेल.

बात्सारिया आरोमानियन. जन्म १८७४, क्रुशेवो. तेव्हा तुर्की साम्राज्यात, आज उत्तर मॅसिडोनियात. बाल्कनातल्या मेंढपाळ, मालवाहू खेचरांचे तांडे हाकणाऱ्या आणि व्यापारी लोकांची ही जमात. तिची भाषा रुमानियनला जवळची, पण तीच नव्हे. बात्सारिया आधी शिक्षक, मग तुर्की मुलखातल्या रुमानियन शाळांचे निरीक्षक. १९०८ मध्ये त्यांनी थेस्सालोनिकीत 'देश्तेप्तारेआ' हे नियतकालिक काढले. १९१३ मध्ये ते तुर्की मंत्रिमंडळात गेले (खाते मात्र मिळाले सार्वजनिक बांधकामाचे!) आणि ३० मे १९१३ च्या लंडन तहावर तुर्कस्तानतर्फे सही करणाऱ्यांत ते होते.

खरा मुद्दा त्या शाळांचा. पहिली शाळा १८६४ मध्ये बितोलाजवळ त्र्नोवो येथे दिमित्रिए अथानासेस्कू यांनी उघडली. पुढे पैसा बुखारेस्टचा, म्हणजे रुमानियन सरकारचा, आणि भाषाही बुखारेस्टचीच. आरोमानियनमध्ये ग्रीकसारखे घर्षक 'थ', 'ध' (इंग्रजी 'थिंक', 'धिस'मधल्यासारखे) आहेत. रुमानियन वर्णमालेत त्यांना अक्षरच नाही. म्हणजे घरचा शब्द फळ्यावर लिहायचा तरी अडचण. १९०५ च्या सुलतानी फर्मानाने जमातीला स्वतंत्र मान्यता दिली, शाळांनाही आधार मिळाला. तरी पुस्तके रुमानियनच राहिली.

परिणाम खुद्द बात्सारियांच्या लेखनात दिसतो. १९०१ चे 'पाराव्हुली' हे पुस्तक आरोमानियनमध्ये. पुढे रुमानियात स्थायिक झाल्यावर बहुतेक सारे रुमानियनमध्ये: 'मोश नाए' या टोपणनावाने मुलांच्या गोष्टी, आणि मारिन योर्दा यांच्या चित्रांखाली पद्य ओळी असलेली गावंढळ 'हाप्लेया'ची चित्रकथा. त्यावर १९२७ मध्ये ॲनिमेशनपटही निघाला. वाचक तिकडे होता, लेखकही तिकडे गेला. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण या भाषाबदलाबद्दल आम्ही तो देत नाही. १९३० च्या दशकातल्या त्यांच्या पत्रकारितेचा कडवा राष्ट्रवाद मात्र आम्हाला पटत नाही. १९५२ मध्ये कम्युनिस्ट राजवटीच्या कैदेत त्यांचा मृत्यू झाला.

हे सांगलीच्या वाचकांपुढे मांडायचे कारण कर्नाटक सीमेवरचा जत तालुका. तिथल्या जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा कागदावर मातृभाषेच्याच आहेत. पण 'मी करतो' याला पुस्तकात 'माडुत्तेने' आणि पोराच्या तोंडी 'माडतीनि'. बाईंनी 'चूक' म्हटले की पहिलीतले पोर पुन्हा तोंड उघडत नाही. उपाय बिनखर्चाचा आहे: जून ते ऑगस्टमध्ये पोरांच्याच तोंडून घर, शेत, शेरडे-मेंढरे, स्वयंपाक यांचे शे-दीडशे शब्द गोळा करावेत. तक्त्यावर डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. डावा खोडायचा नाही. वाचन आधी डावीकडून, दिवाळीनंतर उजवीकडून.

कन्नड न येणारे शिक्षक दिले गेले, तर ते हा तक्ता देवनागरीत लिहितील आणि तिथे घोळ होईल. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ' वेगळे आहेत, आपल्या मराठी लेखनात एकच. 'दे' आणि 'शिंग' या अर्थांचे दोन्ही कन्नड शब्द मग 'कोडु' असेच लिहिले जातात. तेव्हा तक्ता कन्नड लिपीतच हवा, आणि गटसाधन केंद्राने तो कन्नड शिक्षकाकडून तपासून घ्यावा.

– काही भाषा-शिक्षक, जत (जि. सांगली)