काम चौघांचं, अहवाल तिघांचा

आदरणीय मेरी त्सिंगू मेन्झेल यांस,

सादर नमस्कार.

तुमचे आभार एकदा मानून झालेले आहेत. मे 1955 च्या अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या एलए-1940 या अहवालात तशी तळटीप आहे: प्रश्नांचं कोडिंग चोख केल्याबद्दल आणि मॅनिॲक या सुरुवातीच्या काळातल्या संगणकावर ती गणितं चालवल्याबद्दल मिस मेरी त्सिंगू यांचे आभार. त्या तळटीपेने तुमच्या पदरात फार काही पडलं नाही, म्हणून हे पत्र.

संशोधनातलं श्रेय कोणाच्या नावावर जमा होतं याची मोजदाद ठेवणं हे आमचं काम. या कामात अडचण एकच: ज्याचं नाव गळलं, त्याने नक्की काय केलं होतं याचा कागद बहुधा मिळत नाही. तुमच्या बाबतीत तो अहवालाच्या पहिल्या पानावरच छापलेला आहे. तिथे शास्त्रज्ञांच्या नावांच्या दोन याद्या आहेत. काम करणारे: फर्मी, पास्ता, उलाम, त्सिंगू. अहवाल लिहिणारे: फर्मी, पास्ता, उलाम. गळती नेमकी कुठे होते हे दाखवायला याहून स्वच्छ कागद आमच्या पाहण्यात नाही. तो इतका उपयोगी पडला, की त्याबद्दलच आधी आभार.

तळटीपेतल्या 'कोडिंग' या शब्दात किती काम मावलं होतं, तेही सांगायला हवं. प्रश्न दिसायला सोपा होता. स्प्रिंगांनी जोडलेल्या काही वस्तुमानांची साखळी घ्यायची, स्प्रिंगच्या बलात थोडा अरेषीय (ताणाच्या सरळ प्रमाणात न वाढणारा) भाग मिसळायचा, सगळी ऊर्जा सर्वांत मोठ्या तरंगलांबीच्या कंपनात भरायची आणि ती बाकीच्या कंपनांमध्ये कशी पसरते ते बघायचं. मॅनिॲकच्या स्मृतीत 40 बिटांचे 1024 शब्द मावत. सूचना आणि आकडे दोन्ही त्यातच बसवायचे. दशांशचिन्हाची जागा यंत्र सांभाळत नसे, त्यामुळे कुठलाही आकडा मर्यादेबाहेर उसळणार नाही अशी प्रमाणं आधी कागदावर बसवावी लागत. कालपायरी मोठी घेतली तर चुका साठत जातात. लहान घेतली तर गणित संपता संपत नाही. आणि आलेलं उत्तर विचित्र असेल तर ते निसर्गाचं की यंत्राचं, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

उत्तर विचित्रच आलं. ऊर्जा सगळीकडे पसरून राहील अशी अपेक्षा होती. ती थोड्याच कंपनांमध्ये फिरली आणि गणिताच्या हजारो कालपायऱ्यांनंतर जवळजवळ सगळी पहिल्या कंपनात परत आली. याच कोड्याचा माग काढत झाबुस्की आणि क्रुस्कल 1965 मध्ये सॉलिटॉनपर्यंत, म्हणजे आकार न बदलता पुढे सरकणाऱ्या एकट्या तरंगापर्यंत, पोहोचले. असं उत्तर प्रोग्रामातली चूक म्हणून फेकून देणं सोपं असतं. ते टिकलं, कारण प्रोग्रामवर विश्वास ठेवता येत होता.

पुढची पन्नास वर्षं या प्रश्नाचं नाव 'फर्मी-पास्ता-उलाम' असंच राहिलं. 1958 मध्ये लग्नानंतर तुम्ही मेन्झेल झालात. 1972 मध्ये जेम्स टक यांच्यासोबत तुम्ही तीच गणितं आणखी लांबवर चालवलीत आणि ऊर्जेच्या त्या परतीच्याही वरचा, अधिक मोठा आवर्तनकाळ असतो हे दाखवलंत. त्या निबंधावर लेखक म्हणून नाव आहे एम. टी. मेन्झेल. तळटीपेतली मिस त्सिंगू आणि ही मेन्झेल एकच, हे माहितीच्या कुठल्याही भांडाराला आपोआप कळणार नव्हतं. ते सगळ्यांपुढे आणलं भौतिकशास्त्रज्ञ थिएरी दोक्स्वा यांनी, 2008 मध्ये, 'फिजिक्स टुडे'तल्या लेखात, आणि नावात त्सिंगू जोडण्याची सूचनाही केली.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला लेखक मानायचं नाही, अशी त्या काळी रीतच होती, असं यावर कोणी म्हणेल. होतीच. पण ते काम बहुतेक कोणाकडे सोपवलं जायचं, हा प्रश्न त्या रीतीतच दडलेला आहे. सैद्धांतिक लोकसंख्या-जीवशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकाचे 1970 ते 1990 चे अंक 2019 मध्ये चाळले गेले. त्यातल्या सत्तरच्या दशकात, आभारांत नाव असलेल्या प्रोग्रामरांपैकी 59 टक्के स्त्रिया होत्या. लेखकांत 7 टक्के. तिथेच 1975 चा वॉटरसन यांचा निबंध आहे. जनुकीय विविधता मोजणारं त्यातलं सूत्र आजही वापरात आहे आणि त्यांच्याच नावाने चालतं. आकडेमोडीबद्दल, विशेषतः एक तक्ता काढून दिल्याबद्दल, त्यात आभार मानले आहेत मिसेस एम. वू यांचे.

आता ही रीत गेली असं वाटत असेल तर 2022 चा एक अभ्यास बघावा. त्यात, कोण कोणत्या संशोधन प्रकल्पावर पगारी होतं याच्या प्रशासकीय नोंदी एका बाजूला ठेवल्या आणि त्या प्रकल्पांतून निघालेल्या निबंधांवरची व पेटंटांवरची नावं दुसऱ्या बाजूला. म्हणजे तुमच्या पानावरच्या त्याच दोन याद्या, जवळपास दहा हजार गटांसाठी. एकाच गटात काम करूनही निबंधावर नाव येण्याची शक्यता स्त्रियांच्या बाबतीत 13 टक्के कमी निघाली, पेटंटवर 58 टक्के कमी.

तळटीप का पुरत नाही, याचं कारण अगदी रुक्ष आहे. सूचीकरण होतं ते लेखकांच्या रकान्याचं. निवड समिती, पदोन्नती, पुरस्काराचं नामांकन, सगळ्यांची गाडी त्या रकान्यातून निघालेल्या यादीवरून आणि उद्धरणांच्या मोजणीवरून चालते. आभारातलं नाव तिथवर जातच नाही. एकदा गळलेलं नाव पुढच्या प्रत्येक टप्प्यावर गळत जातं, आणि दहा वर्षांनी समिती म्हणते, 'योग्य स्त्री उमेदवारच नव्हती.' (मोठ्या नावाकडे श्रेय कसं ओढलं जातं यावर समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचा 1968 चा निबंध प्रसिद्ध आहे. तो हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखतींवर उभा होता, आणि त्यावर नाव एकट्या मर्टन यांचं. तो दोघांच्या नावावर हवा होता, हे मर्टन यांनीच पुढे लिहून ठेवलं. श्रेयाचा अभ्यासकही सुटला नाही.)

तुमच्या पानावरून आम्ही कामाची पद्धत बसवली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक ठरवायला चार अटी घातल्या आहेत: भरीव योगदान, मसुदा लिहिणं किंवा तपासणं, अंतिम मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. मेख दुसऱ्या अटीत आहे. मसुदा दाखवलाच नाही की ती अट आपोआप हुकते आणि 'ती लिखाणात नव्हती' असं म्हणायला वाव मिळतो. म्हणून त्याच नियमावलीत पुढे म्हटलंय, की पहिली अट पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मसुदा तपासण्याची आणि मान्यता देण्याची संधी मिळाली पाहिजे. हे वाक्य फारसं कोणी वाचत नाही. आम्ही गटप्रमुखांना आधी तेच दाखवतो.

मग योगदानाचा तक्ता. क्रेडिट नावाच्या वर्गीकरणात 14 भूमिका आहेत: संकल्पना, पद्धती, सॉफ्टवेअर, पडताळणी, विदेची (डेटाची) निगराणी, निधी मिळवणं वगैरे. तुमच्या कामाला यातल्या किमान दोन-तीन सरळ लागू पडतात. तक्ता फसतो तो बहुतेक वेळा तारखेमुळे. निबंध पाठवण्याच्या रात्री संपर्क-लेखक (नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणारा लेखक) एकट्याने बसून आठवणीतून भरतो. सुरुवातीच्या सहा महिन्यांचं काम विसरलं जातं आणि शेवटी टेबलाशी असलेल्यांना सगळ्या भूमिका मिळतात. त्यामुळे पहिला तक्ता काम सुरू होतानाच भरायचा, कोणी गट सोडला किंवा नवं कोणी आलं की बदलायचा, प्रत्येकाने आपली ओळ स्वतः लिहायची, आणि सोडून गेलेल्यांनाही मसुदा पाठवायचा. बाळंतपणाच्या रजेवर असलेलीचं नाव नेमकं याच फटीतून पडतं. आणि तक्ता लेखक ठरल्यावर भरून उपयोग नाही. आधी कामांची यादी, मग तिच्यावरून लेखकांची.

नाव बदलण्याच्या घोटाळ्यावर आता साधा उपाय आहे: 2012 पासून मिळणारा ऑर्किड हा 16 अंकी ओळख क्रमांक. नाव कितीही वेळा बदललं तरी क्रमांक तोच राहतो. पण तो पहिल्या निबंधापासून जोडायचा. जुनी नोंद मागाहून सापडतेच असं नाही.

तुमचा 1955 चा अहवाल संदर्भयादीत तीन लेखकांचाच राहणार, छापलेलं पान आम्हाला बदलता येत नाही. मजकुरात मात्र आम्ही 'फर्मी-पास्ता-उलाम-त्सिंगू प्रश्न' असं लिहितो, शेजारी 1972 च्या निबंधाचा संदर्भ देतो, आणि त्यातली मेन्झेल म्हणजेच त्सिंगू हे कंसात नोंदवतो.

आपले ऋणी,
श्रेयाच्या नोंदी ठेवणारे आम्ही काही जण