दोन माद्यांच्या घराकडून दादा-वहिनींना

दादा, वहिनी,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच आमच्या डुकराच्या माद्यांच्या खाण्यापिण्यावर येता, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण सावंतवाडी-दोडामार्ग भागात आमच्यासारखी दोन-तीन माद्या पाळणारी घरं आहेत. दुसऱ्याच्या मादीला भरवून देणं, म्हणजे गाभण करून देणं, तिची वीण करून देणं हे काम तुम्ही कसं करता ते त्यांना कळायला हवं.

दोन माद्यांसाठी नर पाळणं परवडत नाही. एक नर दहा-पंधरा माद्यांना सहज पुरतो. आमच्याकडे तो वर्षातून मोजके दिवस कामाला येणार आणि खाणार मात्र बारा महिने. घरच्याच वेतातला नर ठेवला तर पुढे बापलेकींचा, भावाबहिणींचा संकर होतो, पिल्लं कमी आणि किरकोळ निघतात. शेजारगावचा नर टेम्पोत घालून आणावा, तर त्याच्याबरोबर कोणता रोग येईल याचा नेम नाही. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग आला तेव्हापासून आम्हा सगळ्यांना हीच धास्ती आहे. त्यावर औषध नाही. एकदा शिरला की सगळी जनावरं जातात. आम्हीही माद्या विकायच्या विचारात होतो.

तुम्ही नर आणलाच नाहीत. १७ अंशांना ठेवलेली नराच्या रेताची, म्हणजे वीर्याची, बाटली पेटीतून आणलीत. गाईचं रेत नायट्रोजनमध्ये गोठवतात तसं डुकराचं सहसा गोठवत नाहीत, फार थंड झालं तरी ते बिघडतं, हे मला तेव्हा कळलं. दादा, तुम्ही आधी आमच्या काळीच्या, म्हणजे काळ्या मादीच्या, कमरेवर दोन्ही हातांनी दाब दिलात. ती पाय रोवून, कान ताठ करून जागच्या जागी उभी राहिली, तेव्हाच म्हणालात, ‘आता घेतली’. मग पिळाच्या टोकाची नळी उलटी फिरवत आत बसवलीत आणि बाटली वर धरून नुसते थांबलात. दाबली नाहीत. ‘ती स्वतः ओढून घेते, आपण घाई केली तर सगळं बाहेर येतं.’ तेवढा वेळ माझा हात तिच्या पाठीवर ठेवायला लावलात. बारा तासांनी दुसरी बाटली द्यायला पुन्हा आलात, तेही जुलैच्या पावसात. २१ दिवसांनी ती उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, आणि आमच्या घरात कितीतरी दिवसांनी सगळे मोकळं बोलले.

जुलैच का, तेही तुम्हीच समजावलंत. डुकराचा गाभणकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. १५ जुलैला भरवली तर ६ नोव्हेंबरच्या आसपास विणार आणि नाताळाला पिल्लं सहा-सात आठवड्यांची होणार. गोव्यात नाताळाच्या जेवणात अख्खं भाजायला अशीच लहान पिल्लं लागतात. आम्ही इतकी वर्षं गोव्याच्या वेशीवर राहून हा हिशेब कधी मांडला नव्हता. मादी माजावर येईल तेव्हा भरवायची आणि येईल त्या भावाला विकायचं, एवढंच चालायचं.

विणीच्या आधी बरेच दिवस काळीला तुमच्याकडे पाठवा म्हणालात, तेव्हा मला ते नको वाटलं होतं. वहिनी, तुम्ही कारण सांगितलंत. पोटात असताना डुकराच्या पिल्लाला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आणि ज्या शेडमध्ये पिल्लं जन्मणार, तिथल्या जंतूंची ओळख आईला आधी झालेली असेल तरच तिच्या चिकात त्यांच्यावरचा उतारा तयार होतो. आधी वेगळ्या कोठीत, दुसऱ्या कुणाच्या मादीच्या वाऱ्यालाही नाही, आणि मग विणीच्या खणात. पहिलटकरणीला माहेरी धाडतात तसं मी तिला धाडलं.

विणीच्या रात्री मला बोलावून घेतलंत, हे मी विसरणार नाही. काळी तोंडाने पेंढा ओढून ओढून एका कोपऱ्यात जमवत होती. तुम्ही सड दाबून पाहिलंत, दुधाची धार आली, ‘आज रात्रीच’ म्हणालात. मी घाबरले होते. ‘भियू नको गो, ती आपणच करतली,’ एवढंच बोललात आणि खरंच बराच वेळ हात लावला नाहीत, फक्त घड्याळ पाहत राहिलात. पंधरा-वीस मिनिटांनी एकेक पिल्लू येत होतं. नाक-तोंड पुसायचं, कोरड्या फडक्याने चोळायचं, नाळेला आयोडीन लावायचं, लाल बल्बखाली ऊब द्यायची, की लगेच सडाला. एक पिल्लू निपचित पडलं होतं. त्याला चोळून चोळून रडायला लावलंत आणि पुढच्या सडाला लावलंत. पुढच्या सडांना दूध जास्त असतं, आणि एकदा सड ठरला की पिल्लू शेवटपर्यंत तोच धरतं, म्हणून पहिल्या तासांतच अशक्त पिल्लाची सोय करायची. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन. माती न लागलेल्या फरशीवरच्या पिल्लांना ते दिलं नाही तर ती पांढरीफटक पडून जातात.

एक पिल्लू आईखाली सापडून गेलं. तुम्ही सकाळी पहिला फोन तोच केलात आणि वहीतही लिहिलंत. दुसऱ्याचं जनावर आपल्या दारात असताना हे करणं सोपं नसतं. ती वही मला फार मोलाची वाटते. कोणती मादी, कोणता नर, किती जन्मली, किती जगली, दूध कधी तोडलं, सगळं त्यात. पैशांचंही तसंच. निम्मे मादी आणताना, निम्मे दूध तोडल्यावर. आणि ज्याच्याकडे पैसे नसतील त्याने एक पिल्लू द्यायचं, तेही मालकाने आपली दोन निवडून घेतल्यावर.

पांढऱ्या यॉर्कशायर या विलायती जातीचं रेत सगळे मागतात, वजन लवकर चढतं म्हणून. तरी काळीचं रक्त ठेवा, असं तुम्हीच बजावलंत. आपली काळी डुकरं उकाडा सोसतात, साध्या खाण्यावर तग धरतात. गोव्यात काणकोणातल्या आगोंद गावच्या नावाने तिथल्या देशी डुकरांची जात म्हणून नोंद झाली आहे, हे सांगताना तुमच्या आवाजात जो अभिमान होता, तसा या धंद्याबद्दल मी कधी ऐकला नव्हता. आमच्या दारात यायला नाक मुरडणारे नातेवाईक मी पाहिलेत. तुम्ही काळीला नावाने हाक मारलीत.

आता काळीच्या दोन लेकी घरी ठेवल्यात, एक तिच्या रंगाची आणि एक पांढरट. बाकीची पिल्लं नाताळाला गेली, मुलीची कॉलेजची फी त्यातून भरली. काळीचं दूध तोडून चार दिवस झालेत, म्हणजे या आठवड्यात ती पुन्हा माजावर येईल. कान ताठ झाले की फोन करते. यावेळी कुठल्या नराचं रेत घ्यायचं ते तुम्ही वही पाहून ठरवा, आणि लेकींसाठी वेगळा नर लागेल हेही लक्षात असू द्या.

तुमची,
सावंतवाडी तालुक्यातली वराहपालक