मॅडम, बांध टिकला!

मॅडम नमस्कार, तुमचं नाव लिहीत नाहीये कारण तुम्हीच नको म्हणालात, पण आमच्या खारेपाटात, म्हणजे रायगडातल्या खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या शेतीच्या पट्ट्यात, सगळ्यांना कळेलच. यंदा अमावस्येचं उधाण आणि वरून अंबा नदीचं पावसाचं पाणी एकदमच आलं, धरमतरची खाडी बांधाच्या माथ्याला लागलेली, अख्खं गाव रात्रभर बांधावर, आणि बांध टिकला. खारं पाणी शेतात आलं नाही. अजून खरं वाटत नाही.

खांड जाणं, म्हणजे बांधाला भगदाड पडणं, काय असतं हे बाहेरच्यांना कळत नाही. बांध मातीचा, खेकडे त्यात बिळं करतात, एका उधाणाला पाणी झिरपतं, पुढच्या उधाणाला तिथेच खांड पडते आणि मग रोज दोनदा भरती आत. पनवेल 3 सारखं खार सोसणारं भातसुद्धा उभ्या समुद्राच्या पाण्यात काय तग धरणार. काही वर्षांनी शेतात तिवरं (खारफुटीची झाडं) उगवतात, आणि 2005 पासून कोर्टाची बंदी म्हणून ती तोडताही येत नाहीत. सातबारा आपला, जमीन खाडीची.

आधी जोळ करून, म्हणजे सगळ्यांनी मिळून, गावच बांध सांभाळायचं. पुढे काम सरकारी झालं आणि अर्जांवर अर्ज. साहेब यायचे, रस्त्यावरूनच फोटो काढायचे, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून तिथूनच परत. एकाने तर बाबांना तोंडावर विचारलं, तुम्हाला यातलं काय कळतं? त्यानंतर बाबा बांधावर जायचेच बंद झाले.

तुम्ही मात्र चपला हातात घेऊन चिखलातून आलात आणि आधी बाबांनाच विचारलंत, काका, पाणी पहिलं कुठून आत शिरतं? ते सांगत गेले, तुम्ही वहीत लिहीत गेलात, इथपर्यंत ठीक, पण नंतर सगळं त्यांना वाचून दाखवलंत आणि म्हणालात, बरोबर लिहिलंय ना, चुकलं असेल तर सांगा. बाबांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, तुम्ही खोडून परत लिहिलंत. मॅडम, बाकी कामं किती मोठी झाली ते मला माहितीये, पण घरी आजही त्या वहीचंच बोलणं निघतं. दुसऱ्या दिवशी बाबा पहाटे बांधावर गेले होते.

बांधाला माती हवी म्हणून बाहेरची तिवरं उपटायला निघालेल्यांना तुम्ही अडवलंत तेव्हा गावात बरीच कुरकुर झाली, मलाही राग आला होता. आता बघतो तर लाटेचा जोर तिवरांतच मोडतो, बांधापर्यंत नुसतं पाणी येतं. मुळांत कोळंबी, निवट्या (चिखलातले छोटे मासे) परत दिसायला लागल्यात. आणि उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झापं नवीन बसल्यामुळे ओहोटीला आतलं पाणी निघून जातं, आधी ते तुंबूनच राहायचं.

शिकलेली माणसं खूप भेटतात हो, समोरच्यालाही काही येत असेल असं धरून चालणारी फार कमी. अशी माणसं कुठल्याही खात्यात असोत, त्यांचं भलं होवो.

भात झोडून झालं की नक्की या, बाबांनी तळ्यातला जिताडा मासा राखून ठेवलाय. आणि त्यांनी विचारलंय, उघाडीच्या पलीकडे लावलेली तिवरं अजून दाटलेली नाहीत, तिथे यंदा परत रोपं लावायची की थांबायचं? फोन करा, ते वाट बघतायत.