मंत्री साहेब, खाणीजवळच्या पक्ष्यांचा रंग पण मोजा ना

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
चंद्रपूर जिल्ह्यातून नमस्कार.

साहेब, आमच्या हवेचे आकडे तुमच्या टेबलावर येतच असतील, त्यावर मी लिहीत नाहीये, मला पक्ष्यांच्या रंगाबद्दल बोलायचंय. हसू नका, विषय सिरियस आहे.

दिवाळीनंतर कधीतरी घुग्गुसकडच्या रोडने या, ताफा न घेता. कोळशाचे हायवा ट्रक एकामागोमाग एक चाललेले असतात, ताडपत्री नावापुरती, आणि रोडच्या कडेच्या सागाच्या पानावर बोट फिरवलं की बोट काळं होतं. म्हशीच्या पाठीवर बसलेला गायबगळा पांढरा कमी आन राखाडी जास्त, लांबून वाटतं हा कुठला नवीनच बगळा आला बाप्पा!

अमेरिकेत दोघा संशोधकांनी 2017 मध्ये भारी काम केलं, म्युझियममधले 1300 च्या वर जुने पक्षी काढले, साधारण 135 वर्षांतले, आणि फोटो काढून त्यांच्या पोटाचा काळेपणा मोजला. पक्षी दरवर्षी पिसं बदलतो, म्हणजे पिसावरची काजळी त्याच वर्षाची. 1900 च्या आसपास कारखान्यांच्या पट्ट्यातले पक्षी अक्षरशः काळवंडलेले होते, पुढे जसा कोळशाचा धूर कमी झाला तसे उजळ होत गेले. हवा मोजायची मशीन नव्हती त्या काळातली हवा त्यांनी पिसांवरून वाचली.

पण ही झाली वरून बसलेली काजळी. खरा घोळ आतून होतो. हळद्याचा पिवळाधमक रंग त्याचं शरीर स्वतः बनवत नाही, तो कॅरोटिनॉइड नावाच्या द्रव्यातून येतो आणि ते खाण्यातूनच मिळतं, फळं, किडे, अळ्या. फिनलंडमध्ये हार्यावाल्ता गावी तांबं-निकेल वितळवायचा मोठा कारखाना आहे, त्याच्या जवळ वाढलेल्या ग्रेट टिट या पिवळ्या पोटाच्या छोट्या पक्ष्याच्या पिल्लांचा पिवळा रंग लांबच्या पिल्लांपेक्षा फिका निघाला, 1998 मध्येच हे छापून आलंय, कारण काय तर प्रदूषणामुळे झाडांवर अळ्याच कमी, मग पिल्लाला रंग मिळणार कुठून? आणि हा रंग नुसता शोभेचा नसतो, बऱ्याच जातींत मादी नर निवडते तेव्हा तो बघते. वर शिसं, पारा असले जड धातू वाढत्या पिसात जाऊन बसतात ते वेगळंच. म्हणजे गळून पडलेलं एक पीस लॅबला दिलं तरी बरंच काही कळतं, पक्ष्याला हात लावायची पण गरज नाही.

आता आपल्याकडे काय होतं, खाण वाढवायची म्हटली की रिपोर्टमध्ये पक्ष्यांची यादी येते, कावळा, साळुंकी, बगळा, होला, झालं. पक्षी आहे की नाही एवढंच, तो कसा आहे ते कोणी विचारत नाही. (काही याद्या वाचून तर वाटतं लिहिणारा गाडीतून उतरलाच नसेल.)

2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सगळ्यात प्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत चंद्रपूर 83.88 स्कोअर घेऊन देशात चौथं होतं, जानेवारी 2010 मध्ये नवीन प्रकल्पांवर बंदी पण आली होती. नंतर बंदी उठली. आम्ही अजून इथेच आहोत, हायवा पण इथेच आहेत.

म्हणून मागणी साधी आहे साहेब. ओपनकास्ट म्हणजे उघड्या खाणीच्या काठावर, कोळसा रेल्वेत भरतात त्या सायडिंगजवळ आणि तुलनेला ताडोबाच्या आतल्या बाजूला, अशा ठिकाणी दरवर्षी गळालेली पिसं गोळा करा, रंग मोजा, धातू तपासा. मुंबईत बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे जुन्या पक्ष्यांचा मोठा संग्रह आहे, त्यांना सोबत घ्या. पैशाचं म्हणाल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहेच, जुन्या लीजवर रॉयल्टीच्या 30 टक्के आणि नव्यावर 10 टक्के रक्कम त्यात जमा होते, आणि प्रदूषण नियंत्रण हा त्या निधीच्या प्राधान्यक्रमातलाच विषय आहे. गेट बांधायला अन् पेव्हर ब्लॉक टाकायला निधी निघतो तर पिसांसाठी निघायला काय हरकत आहे? पिसं गोळा करायला आमच्या कॉलेजची पोरं फुकट येतील, फक्त लॅबचा खर्च आणि वनखात्याची परवानगी तेवढी तुमच्याकडून पाहिजे, आणि रिपोर्ट मराठीत, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावलेला.

आपला,
खाणपट्ट्यातला एक पक्षीवेडा